नवं यंत्र घरी आलं की पुस्तिका कुठून उघडायची

"अगं, माझंच काहीतरी चुकतंय. मला नाही जमत हे मशीन."

सांगलीहून आईचा हा फोन आला तेव्हा फ्रंट लोड वॉशिंग मशीन घरी येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. सकाळी लावलं तर कपडे छान धुऊन निघायचे. दुपारी लावलं की मध्येच थांबायचं, पीं-पीं करायचं आणि इवल्याशा पडद्यावर एक अक्षर आणि एक आकडा दाखवायचं. आईने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. अशा बाईला पंधरा दिवसांत एका यंत्राने आपली बुद्धी कमी पडतेय असं वाटायला लावलं, याचा मला राग आला आणि अजून येतो.

आईचं काहीच चुकत नव्हतं. दुपारी मशीन का थांबायचं ते पुस्तिकेच्या ४१व्या पानावर, एका तक्त्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं. तिथपर्यंत कसं पोहोचायचं ते या लेखात सांगते. घरात पहिल्यांदाच वॉशिंग मशीन, इंडक्शन शेगडी, मायक्रोवेव्ह किंवा गिझर आलाय, पुस्तिका हातात घेतली की डोळ्यांपुढे अंधारी येते, अशांसाठी हे आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. घरातली तीन माणसं एकाच बटणापाशी अडकत असतील तर खोट त्या बटणात आहे. काळ्या काचेवर करड्या रंगात छापलेली बारीक अक्षरं चष्मा लावूनही दिसत नाहीत, यात डोळ्यांचा दोष नाही. एकच बटण हलकं दाबलं तर एक काम आणि तीन सेकंद दाबून धरलं तर दुसरंच, हे कुणालाही आपसूक कळणार नाही. काम संपल्याचा आणि बिघाड झाल्याचा आवाज सारखाच ठेवला तर माणूस गोंधळणारच. त्यामुळे अपराधी वाटून न घेता कामाला लागा.

पहिली पायरी: खोकं फोडताना

घाई करू नका. थर्माकोलच्या खाचांमध्ये बारीक वस्तू अडकलेल्या असतात आणि त्या खोक्याबरोबर भंगारात जातात. खोकं निदान महिनाभर ठेवा.

यंत्राच्या मागे, खाली किंवा दाराच्या आतल्या कडेला एक चिकटपट्टी असते. मॉडेल नंबर, सिरियल नंबर, व्होल्ट, वॅट हे सगळं तिच्यावर असतं. यंत्र भिंतीला लावायच्या आधी तिचा फोटो काढा. एकदा मशीन कोपऱ्यात बसलं की ही पट्टी वाचायला दोन माणसं लागतात. हा फोटो पुस्तिका वाचतानाही लागतो, कारण बऱ्याचदा एकच पुस्तिका चार-पाच मॉडेलांसाठी छापलेली असते आणि चित्रातलं बटण तुमच्या यंत्रावर नसतंच. तुमचं मॉडेल कुठलं ते माहीत असलं की तक्त्यातला नेमका रकाना सापडतो.

फ्रंट लोड मशीन असेल तर मागच्या बाजूचे लांब बोल्ट काढले का, हे बसवायला आलेल्या माणसाला तोंडावर विचारा. वाहतुकीत आतला ड्रम हलू नये म्हणून ते लावलेले असतात. ते तसेच राहिले तर पिळताना मशीन अख्खं घर हादरवतं आणि आतून मोडतं. काढलेले बोल्ट पिशवीत घालून जपून ठेवा, घर बदलताना पुन्हा लागतील.

दुसरी पायरी: पुस्तिका मागून वाचायला घ्या

पहिल्या पानापासून वाचायला बसलात तर चौथ्या पानावर पुस्तिका खाली ठेवाल. सुरुवातीची पानं इशाऱ्यांनी भरलेली असतात. लहान मुलाला यंत्रात बसू देऊ नका आणि ओल्या हाताने पिन लावू नका, ही दोन्ही वाक्यं एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाखाली एक. कायदेशीर बाजू सांभाळण्यासाठी ती तिथे असतात. महत्त्वाचं काय आणि उगाच काय ते त्या भिंतीत हरवून जातं.

मी ज्या क्रमाने वाचते तो असा. आधी शेवटची पानं, जिथे "अडचण, कारण, उपाय" असा तक्ता असतो. त्यावरून हे यंत्र कुठे कुठे अडतं ते आधीच कळतं. मग आकड्यांचं पान: किती वॅट, किती पाणी, किती वजन. मग पुढच्या पट्टीचं चित्र, ज्यात प्रत्येक बटणाला क्रमांक दिलेला असतो. हे चित्र यंत्रासमोर उभं राहून वाचायचं, खुर्चीत बसून नाही. त्यानंतर साफसफाई. आणि सगळ्यात शेवटी इशारे, हातात पेन्सिल घेऊन. आग, विजेचा धक्का, गरम वाफ आणि लहान मुलं यांच्याबद्दलच्या ओळींखाली रेघ मारा. साधारण सहा-सात ओळी निघतील. त्या मात्र घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

भाषेचं काय करायचं? पुस्तिका जाडजूड दिसते ती अनेकदा पाच-सहा भाषांमुळे, आणि त्यात मराठी असेलच असं नाही. फोनच्या कॅमेऱ्याने पान धरून मराठी भाषांतर वाचता येतं. ते ओबडधोबड असतं, पण तक्त्यापुरतं काम भागतं. इशाऱ्याच्या ओळीत "करा" आणि "करू नका" यांची गफलत होऊ शकते, म्हणून तेवढ्या ओळी इंग्रजी वाचणाऱ्याकडून तपासून घ्या.

तिसरी पायरी: चिन्हं ओळखा

शब्द छापले की भाषा बदलावी लागते, म्हणून कंपन्या चिन्हं छापतात. ती शिकवायला मात्र कुणी येत नाही. नेहमी भेटणारी सांगते.

खटक्यावर उभी रेघ म्हणजे चालू आणि गोल म्हणजे बंद. वरून तुटलेल्या वर्तुळात उभी रेघ असेल तर ते यंत्र झोपवायचं बटण. ते दाबूनही आत थोडी वीज खेळत राहते, त्यामुळे साफ करताना पिन काढायचीच. चौकोनात चौकोन म्हणजे आवरण दुहेरी आहे, अर्थिंगची गरज नाही. म्हणून अशा यंत्राला दोनच पिनांची वायर असते. कुलूप, किल्ली किंवा लहान मुलाचा चेहरा म्हणजे बटणं गोठवणारं बालकुलूप. फुली मारलेली कचऱ्याची बादली म्हणजे यंत्र निकामी झाल्यावर घंटागाडीत टाकायचं नाही, ई-कचऱ्यात द्यायचं. इस्त्रीवर एक ठिपका कमी उष्णता, तीन ठिपके जास्त.

वॉशिंग मशीनच्या साबणाच्या खणात एक उभी रेघ, दोन उभ्या रेघा आणि फूल अशा खुणा असतात. रोजच्या धुण्याची पावडर दोन रेघांच्या खणात टाकायची. एक रेघ आहे ती आधीच्या जादा धुलाईसाठी. ती धुलाई निवडली नसेल तर तिथली पावडर तशीच गोळा होऊन बसते. फूल म्हणजे कपडे मऊ करायचं द्रव. किती घरांत ही पावडर वर्षभर चुकीच्या खणात जात असेल! तीन खणांवर तीन मराठी शब्द छापायला कितीसा खर्च आला असता?

चौथी पायरी: आकडे आपल्या घराला लावून बघा

इथेच आईच्या मशीनचं कोडं सुटलं, म्हणून जरा थांबते.

त्या ४१व्या पानावर ओळ होती: पाण्याचा दाब ०.०३ ते ०.८ एमपीए. एमपीए म्हणजे मेगापास्कल. हा आकडा वाचून कुठल्या घरातल्या माणसाने काय समजायचं? मीही दोनदा वाचून पुढे गेले होते. दुरुस्तीला आलेला मुलगा नळाजवळची जाळी धुऊन, भेट देण्याचे पैसे घेऊन गेला होता. त्यानेही दाबाचा विषय काढला नव्हता.

हिशोब सोपा आहे. ०.१ मेगापास्कल म्हणजे १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. म्हणजे ०.०३ ला टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या पाणी घेणाऱ्या तोटीपेक्षा निदान ३ मीटर, सुमारे १० फूट वर हवी. आमचं घर एकमजली आणि सिंटेक्सची टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली. मी आणि आई टेप घेऊन गच्चीवर गेलो. मशीनची तोटी जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर, स्लॅबचा वरचा भाग ३ मीटरवर. म्हणजे टाकीच्या तळापर्यंत जेमतेम २.१ मीटर. टाकी भरली की पाणी आणखी मीटरभर चढतं: ३.१. सकाळी महापालिकेचं पाणी येऊन टाकी काठोकाठ असायची, मशीन कसंबसं चालायचं. दुपारी टाकी अर्ध्यावर आली की दाब कमी पडायचा, ठरलेल्या वेळात ड्रम भरायचा नाही आणि मशीन "पाणी येत नाही" असं त्याच्या सांकेतिक भाषेत सांगून थांबायचं.

आईने पाटीवर मांडावी तशी वहीत ही वजाबाकी मांडली. मग शांतपणे म्हणाली, "एवढंच होतं तर टाकी किती फूट उंच पाहिजे ते लिहायचं ना." माझ्या मते यंत्रांच्या पुस्तिकांबद्दल याहून नेमकं बोलता येणार नाही. मशीन विकणाऱ्या दुकानात हे विचारलं जात नाही, बसवायला येणारा नळ फक्त उघडून बघतो, आणि आपल्याकडे तर गच्चीवरची टाकी घरोघरी असते.

तुमच्याकडे अशी अडचण असेल तर रस्ते तीन. टाकी भरलेली असताना मशीन लावायचं, टाकीखाली बांधकाम करून ती उचलायची, किंवा दाब वाढवणारा छोटा पंप बसवायचा. मशीन अजून घ्यायचं असेल तर आधी टेप घेऊन गच्चीवर जा. कमी दाबावरही पाणी घेणारी मॉडेल मिळतात. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तर हे नक्की करावं. बहुमजली इमारतीच्या तळमजल्यावर हा प्रश्न सहसा येत नाही.

दुसरा आकडा वॅटचा. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. वॅटला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. २००० वॅटचा गिझर किंवा शेगडी म्हणजे ८.७ अँपिअर. घरातलं लहान सॉकेट ६ अँपिअरचं आणि मोठं १६ चं. म्हणून असं यंत्र मोठ्या सॉकेटलाच लावायचं. पिन बदलून, अडॅप्टर लावून ते लहान सॉकेटात किंवा एक्स्टेन्शन बोर्डात घालू नका. बोर्ड तापतो, प्लास्टिकचा वास येतो आणि तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो. १५०० वॅटची शेगडीसुद्धा ६.५ अँपिअर घेते, म्हणजे तीही लहान सॉकेटच्या पलीकडे गेली.

पाचवी पायरी: टिकल्या आणि एक कागद

पहिल्या दिवशी यंत्र रिकामं चालवा. एकेक बटण दाबून काय होतं ते बघा, आणि घरात जो ते यंत्र रोज वापरणार आहे त्याच्याच हाताने. मुलगा किंवा सून भराभर दाबून "झालं, सोपं आहे" म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी आजी एकटी त्या काचेसमोर उभी असते.

मग कपाळाला लावायच्या टिकल्यांचं पाकीट आणा. वेलवेटच्या, जरा जाड. जे बटण रोज लागतं त्याच्या शेजारी लाल टिकली. रोजच्या कपड्यांच्या खुणेपाशी हिरवी. टिकली बटणावर न लावता बाजूला लावायची, कारण स्पर्शाने चालणाऱ्या काचेवर ती बोटाच्या आड येते. चष्मा नसला तरी बोटाला तिचा मखमली उंचवटा लागतो. आईची मैत्रीण, जिला मोतीबिंदूमुळे अंधुक दिसतं, ती आता मायक्रोवेव्ह या टिकल्यांवर चालवते.

दुसरं, एक कागद. पुस्तिकेतली साठ पानं तुमच्या घरासाठी एका पानात येतात. मोठ्या अक्षरात, मराठीत, आपल्या शब्दांत. "प्रोग्राम निवडा" असं न लिहिता "गोल खटका हिरव्या टिकलीपर्यंत फिरव" असं लिहा. शक्यतो त्याच माणसाला लिहू द्या. स्वतःच्या अक्षरातलं पटकन वाचता येतं.

सहावी पायरी: बंद पडलं तर

मेकॅनिकला फोन लावण्याआधी एवढं करा. सॉकेटात दुसरं काही लावून वीज आहे का बघा. बालकुलूप चुकून लागलं का बघा; सगळी बटणं एकदम मेल्यासारखी झाली की बहुतेक तेच असतं, आणि ते उघडायला कुठलं तरी बटण तीन-पाच सेकंद दाबून धरावं लागतं. दार नीट बंद झालंय का बघा. मग पिन काढून दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा लावा. तरीही कोड दिसला तर त्याचा फोटो काढून तक्त्यात शोधा. एका कंपनीचा कोड दुसरीला लागू पडत नाही, त्यामुळे शेजारणीच्या मशीनचा उपाय तुमच्याकडे चालेलच असं नाही.

काही गोष्टी बिघाड वाटतात पण नसतात. मिक्सर वाटण करता करता गप्प झाला तर तो उलटा करून बघा. तळाशी एक छोटं, बहुतेक लाल बटण असतं. जास्त ताण आला की ते बाहेर येऊन मोटर वाचवतं. पिन काढा, भांड्यातलं थोडं वाटण कमी करा, मोटर गार होऊ द्या, बटण आत दाबा. एवढ्यासाठी मिक्सर पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात नेलेला मी पाहिलाय. बटण तळाशी लपवायचं आणि वर त्याची एक ओळही छापायची नाही, हे मला कधीच पटलं नाही.

इंडक्शन शेगडी भांडं ओळखत नसेल तर फ्रीजवरचं चुंबक भांड्याच्या बुडाला लावा. घट्ट चिकटलं तर भांडं चालेल. ॲल्युमिनियमचं पातेलं, तांब्याची कळशी, साधं पितळ यांना चुंबक चिकटत नाही आणि शेगडीही त्यांना तापवत नाही. गिझरच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडं ठिबकणं ठीक आहे, कारण पाणी तापलं की फुगतं. ती तोटी बूच मारून बंद करायची नाही, अजिबात नाही. धार लागली तर मात्र माणूस बोलवा.

सातवी पायरी: कंपनीशी बोलताना

फोन करण्याआधी बिल, चिकटपट्टीचा आणि कोडचा फोटो जवळ ठेवा. "मशीन चालत नाही" असं न सांगता "दुपारी, टाकी अर्धी असताना, पाणी भरताना थांबतं" असं सांगा. तक्रार क्रमांक लिहून घ्या. आलेल्या माणसाने काय केलं ते त्याच्याच हस्ताक्षरात घ्या. पुस्तिका हरवली असेल तर मॉडेल नंबर देऊन मागता येते. बंद खोक्यावर ग्राहकसेवेचा पत्ता-फोन छापणं बंधनकारक आहे, म्हणून तर खोकं महिनाभर ठेवायला सांगितलं.

दाद लागत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५. मराठीत बोलता येतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला "राइट टू रिपेअर" हे पोर्टलही सुरू केलंय. सुटे भाग, दुरुस्ती आणि पुस्तिका यांची कंपन्यांनी दिलेली माहिती तिथे बघता येते.

आणि एक कलम माहीत असू द्या. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ नुसार, रचनेतल्या दोषामुळे इजा किंवा इतर वस्तूंचं नुकसान झालं तर उत्पादक जबाबदार ठरतो. योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा न दिल्यामुळे तसं झालं, तरीही. म्हणजे अपुरी पुस्तिका हा कायद्याच्या लेखीसुद्धा वस्तूतलाच दोष. आईला हे वाचून दाखवलं तेव्हा ती चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिली.

पुढचं यंत्र घेताना

दुकानात वस्तू चालू करून दाखवा म्हणा, मग ती आपल्या हाताने, विक्रेत्याला गप्प राहायला सांगून, बंद करून पुन्हा चालू करा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला बरोबर न्या. अक्षरं त्यांना दोन फुटांवरून दिसली पाहिजेत. फिरणारा खटका आणि दाबल्यावर टक् असा आवाज करणारी बटणं मिळाली तर तीच घ्या, काच कितीही चकचकीत असली तरी. पुस्तिका आधी दाखवा म्हणा आणि शेवटून उघडा.

आईच्या मशीनशेजारी भिंतीवर सेलोटेपने लावलेला कागद असा आहे, तिच्या अक्षरात:

१. सकाळी आठच्या आत लावणे. आधी गच्चीवर टाकी बघणे.
२. नळ पूर्ण उघडणे.
३. पावडर दोन रेघांच्या खणात. दीड चमचा. जास्त नाही.
४. खटका हिरव्या टिकलीवर. मग लाल टिकलीचे बटण एकदा.
५. थांबले तर पिन काढून दहा मिनिटे. टाकी पुन्हा बघणे.
६. बटणे चालेनात तर पिवळ्या टिकलीचे बटण दाबून धरून पाच अंक मोजणे.
७. बिल आणि चार बोल्ट कपाटात, खालचा खण, निळी पिशवी.